दरीच्या महादेवाची पुरी फेरी

बापूवैद्यांचे स्मरण करताना आधी आचमन करावे की आधी हसून घ्यावे, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. सोलापुरात आमची घरे समोरासमोर होती. गिरणीचा पहिला भोंगा झाला की मी संध्येला बसे, आणि नेमका प्राणायामासाठी नाक धरून बसलो असता समोरच्या ओसरीवरून प्रश्न येई, "काय शास्त्रीबुवा, सूर्याला उगवायची परवानगी दिलीत का?" मी उत्तर देऊ शकत नसे. ते देऊ शकत नाही हे ठाऊक असल्यामुळेच बापूवैद्य तेव्हा विचारीत. संध्या आटोपून मी उत्तर द्यायला उठावे, तर ते आत जाऊन चहा पीत बसलेले असत.

उंच, वाळके, किंचित पुढे झुकलेले शरीर, मोठे कान आणि काखेत कायम एक मिटलेली छत्री. ही छत्री त्यांनी पावसात उघडलेली कोणी पाहिली नाही. "भिजली तर तिला पडसं होतं. माणसाच्या पडशाला काढा आहे, छत्रीच्या पडशाला माझ्याकडे काही नाही," असे ते सांगत. तिचा उपयोग ते रस्त्यावरचे दगड बाजूला सारण्यासाठी, रोग्याच्या पोटावर हलके ठोके देण्यासाठी आणि वाद रंगला म्हणजे समोरच्याच्या छातीकडे रोखण्यासाठी करीत.

वैद्यकी त्यांच्या घराण्यात पिढीजात चालत आलेली. ओसरीवर आजोबांच्या वेळचा दगडी खल होता, पण बापूवैद्य त्यात बहुधा शेंगाची चटणी कुटून घेत. औषधांवर त्यांचा विश्वास माफक होता. रोग्यांवर त्याहून कमी. "निम्मे रोगी बसून बसून आजारी पडतात आणि उरलेले निम्मे त्यांच्याजवळ बसून," हे त्यांचे निदान ठरलेले. उठवून चालायला लावावे, हा त्यावरचा उपाय. मात्र वैद्याने नुसते "चाला" म्हटले तर सोलापूरचा माणूस चालत नाही, त्याला त्यात देव किंवा पथ्य घालून द्यावे लागते, हेही ते जाणून होते. म्हणून त्यांनी दरीचा महादेव हाताशी धरला.

बार्शीच्या छोट्या गाडीने पुढे निजामाच्या मोगलाईत शिरले की बालाघाटाचे डोंगर लागतात. तिथल्या एका आडस्टेशनावर उतरून दोन-अडीच कोस चालले की एका डोंगराच्या पायथ्याशी हे देऊळ. देऊळ लहान आहे, कारण तिथल्या समजुतीप्रमाणे खरी पिंडी म्हणजे तो अख्खा डोंगरच. त्याच्याभोवती पळस, धावडा आणि अंजनाच्या रानातून पायवाट फिरते. डोंगर उजव्या हाताला ठेवून चढत गेले की मागच्या अंगाला दरीचे तुटलेले कडे लागतात. डोंगरमाथ्यावरून आलेला एक ओढा तिथे वाट ओलांडतो आणि लगेच कड्यावरून खाली उडी घेतो. ओढ्यापलीकडे वाट थोडी चढून एका सपाट खडकावर येते आणि तिथून वळसा घालून पुन्हा देवळाशी उतरते. वर्षातून एकदा, गौरी-गणपती उरकले की, बापूवैद्य आळीतल्या माणसांना या फेरीला नेत.

या फेरीवर येणाऱ्यांतले ठळक गृहस्थ म्हणजे सुताचे व्यापारी नरसय्या शेठ. साखरपेठेत त्यांचे दुकान होते. घरी तेलुगू, दुकानात मराठी आणि पोट दुखू लागले की दोन्ही. ते प्रथम आले तेव्हा बापूवैद्यांनी छत्रीच्या टोकाने त्यांच्या पोटाची चौकशी केली आणि गंभीरपणे सांगितले, "पाला आहे. पण तो दरीच्या महादेवाच्या डोंगरावर, आपल्या हाताने तोडून, तिथल्या तिथं चावून खाल्ला तरच गुण येतो. इथं आणला की मेला."

शेठजींनी धापा टाकीत डोंगर चढला, बापूवैद्यांनी दाखवलेल्या झुडपाचा पाला डोळे मिटून चावला, आणि खाली देवळाशी येऊन चार भाकऱ्या खाल्ल्या. पुढे दर महिन्याला ते एकटेच जाऊ लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी हात जोडून विचारले, "वैद्यबुवा, त्या वनस्पतीचं नाव तरी सांगा की."

"नाव मला तरी कुठं ठाऊक आहे?"

"मग गुण कसा ठाऊक?"

"शेळ्या खाताना बघितलं होतं. शेळीला कधी अजीर्ण झालेलं बघितलंत, शेठ?"

शेठजी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी मात्र फेरीला हजर होते.

मोगलाईच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा शिपाई गाडीत चढे. आमची टोपली पाहून त्याने एकदा दरडावले, "टोकरी में क्या है?"

"भाकरी आणि पाप," बापूवैद्य म्हणाले. "पाप मोठं आहे, त्याला जागा जास्त लागते."

शिपाईही काही कमी नव्हता. "पाप पो महसूल नै, हजरत. भाकरी खोलो." आणि भाकरीबरोबरची शेंगाची चटणी चाखून त्याने आमचा सारा माल माफ केला.

देवळातही त्यांची जीभ आवरत नसे. एकदा आम्ही नैवेद्य मांडून डोळे मिटले असता वानराने तो उचलला. सारे हळहळले. बापूवैद्यांनी मात्र वानराला मनोभावे नमस्कार केला. देवळाचा पुजारी रामा गुरव चिडून म्हणाला, "देवाचा निवद व्हता त्यो, वैद्यबाबा. तुमी हात कसलं जोडताय?"

"इतकी वर्षं नैवेद्य दाखवतोय, रामा. खाताना दिसला हा पहिलाच."

अशा वेळी मी मनात शिवाची क्षमा मागत असे. आणि मनातच हसत असल्याबद्दल तीच क्षमा पुन्हा मागावी लागे.

आता या फेरीतली गोम सांगितली पाहिजे. शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते. पिंडीवरचे पाणी ज्या पन्हळीतून वाहते तिला सोमसूत्र म्हणतात. ते ओलांडायचे नसते. तिथवर जाऊन उलट फिरायचे असते. आमच्या मंडळीत मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले एक अण्णा होते. कचेरी सुटली तरी हुकूम सुटले नव्हते. पहिल्याच वर्षी त्यांनी ठरवून टाकले की डोंगर जर पिंडी, तर ओढा हे सोमसूत्र. सबब कोणी ओढा ओलांडू नये. रामा गुरवाने मान डोलावली. बापूवैद्यांनी छत्री रोखून पुष्कळ हुज्जत घातली.

"अहो अण्णा, पलीकडं वाट आहे. धनगर रोज मेंढरं घेऊन जातात."

"मेंढरांना प्रदक्षिणा नसते."

"मग त्यांचं आपल्यापेक्षा बरं चाललंय."

पण मंडळी अण्णांच्या बाजूची होती. तेव्हा दरवर्षी आम्ही ओढ्यापर्यंत जात असू, पाण्याला हात लावून नमस्कार करीत असू आणि आलो त्या वाटेने परतत असू. यातला चमत्कार असा की ओढ्याच्या अलीकडे माणूस धबधब्याच्या डोक्यावर उभा राहतो. तिथून त्याची गर्जना ऐकू येते, अंगावर तुषार येतात, पण धबधबा दिसत नाही. तो दिसतो पलीकडच्या सपाट खडकावरून. घरी आल्यावर मात्र सगळे सांगत, की काय तो धबधबा, जणू दुधाचा लोट.

हे ऐकणाऱ्यांत बापूवैद्यांच्या पत्नी असत. त्यांना सारे काकू म्हणत. बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्या दरवर्षी फेरीला येत, पण बायकांनी देवळाशी चूल पेटवून थांबायचे असा रिवाज पडला होता. वांगी चिरता चिरता त्या डोंगरामागचा आवाज ऐकत. नवऱ्याने देवाची थट्टा केली की त्या पदराखाली हात जोडीत. सोमवार, प्रदोष, शिवरात्र, त्यांचे काही चुकत नसे. "आमच्या घरात देवाचं येणंजाणं हिच्याकडं असतं. मी आपला ओसरीवर," असे बापूवैद्य म्हणत.

एका वर्षी वाढता वाढता काकूंनी सहज विचारले, "अण्णा, दूध म्हणता ते नुसतं पांढरं, की वर पिवळसर साय असते तसं?"

अण्णा शेठजींकडे पाहू लागले. शेठजी भाकरीकडे पाहू लागले.

"वरून पांढरं," अण्णा म्हणाले.

"आणि खाली कुठं पडतं? डोहात की खडकावर?"

"डोहात," असे शेठजी म्हणाले, आणि त्याच क्षणी अण्णा "खडकावर" म्हणाले.

आमटी वाढून काकू चुलीकडे वळल्या. बापूवैद्य इतके हसले की त्यांना ठसका लागला. परंतु परतीच्या गाडीत ते मुळीच बोलले नाहीत, आणि हे मला चमत्कारिक वाटले.

कारण पुढे कळले. काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरत होता. कडेचे दिसणे आधीच गेले होते; नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसत होते आणि नळी अरुंद होत चालली होती. बापूवैद्यांनी घराण्यातली सारी अंजने करून पाहिली होती, मोठ्या दवाखान्यातही दाखवून आणले होते. जे जाते आहे ते परत येणार नाही, असे दोन्हीकडून एकच उत्तर मिळाले. त्या वर्षी आजोबांच्या खलात चटणी कुटली गेली नाही.

पुढच्या भाद्रपदात, फेरीच्या आदल्या सकाळी, ते माझ्या ओसरीवर आले. माझी संध्या चालू होती. ते खांबाला टेकून बसून राहिले. मी नाक सोडले तरी त्यांनी सूर्याची चौकशी केली नाही. मी अर्घ्य देऊन उठलो.

"शास्त्रीबुवा, ओढा ओलांडायचाय."

"मग ओलांडा. तुम्ही कधी विचारून काय केलंत?"

"मला नाही. तिला." ते छत्रीच्या मुठीकडे पाहत म्हणाले. "धबधबा बघायचाय म्हणते. यंदा दिसेल. पुढल्या वर्षीचं मी सांगू शकत नाही. मी म्हटलं चल, कोण अण्णा आणि कसलं सोमसूत्र. तर म्हणते, देवाला ओलांडून बघितलं आणि आहेत तेवढेही डोळे गेले तर? माझी थट्टा तिथं चालत नाही. तुमच्या पोथीत एखादी पळवाट असली तर बघा."

मी म्हणालो, "बघायला कशाला हवं? सोमसूत्रावर गवत, पान, काटकी किंवा दगड घालून ते झाकलं, तर ओलांडण्याचा दोष नाही. तसा आधार आहे."

बापूवैद्य माझ्याकडे पाहतच राहिले. "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"पाठशाळेपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"अपवाद विचारल्यावाचून सांगू नये, अशी आमच्या गुरुजींची शिकवण."

"म्हणजे इतकी वर्षं तुमच्या पोटात पूल होता," ते सावकाश म्हणाले, "आणि आम्ही काठावरून परत येत होतो." मग छत्रीचे टोक त्यांनी माझ्या पोटावर हळूच टेकवले. "हिला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून वेदसुद्धा खोटे वाटतात."

मी काकूंना सांगितले. त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "पान बेलाचं हवं का?"

"कोणतंही चालेल."

"मग पळसाचं घेऊ. मोठं असतं."

दुसऱ्या दिवशी काकू प्रथमच चूल न पेटवता डोंगर चढल्या. शिळी भाकरी खावी लागणार म्हणून शेठजी किंचित खिन्न होते. अण्णांना आधार कळला तेव्हा त्यांनी तो मला तीन ठिकाणी थांबवून वदवून घेतला आणि शेवटी, "हरकत दिसत नाही," असा शेरा दिला. बापूवैद्य काकूंच्या पुढे चालत होते. वाटेतला प्रत्येक दगड छत्रीने उडवीत होते आणि दरेक दगडाला काही ना काही शिवी देत होते. "अहो, दगडाला कशाला?" काकू म्हणाल्या. "तो तुमच्या शंकराच्या गोतातला आहे, त्याला सवय आहे," हे उत्तर मागे वळून न बघता आले.

ओढ्याला पाणी चांगले होते. काकूंनी पदरातून पळसाचे पान काढून भक्तीने पाण्यावर ठेवले आणि पाऊल उचलले. तोवर पान कड्यावरून खाली गेले होते. दुसरे ठेवले. तेही गेले. शेठजींनी आपल्या हाताने एक भले मोठे पान ठेवले; ते जाताना गिरकी घेऊन गेले. काकूंचे पाऊल काठावरच थांबले.

"देवाच्या मनात नसेल," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. त्या मागे वळायला लागल्या.

बापूवैद्यांनी छत्री शेठजींच्या हाती दिली, जोडे काढले, काठावरच्या पळसाची पानांनी भरलेली एक फांदी कडाकड मोडली आणि धोतर वर खोचून सरळ ओढ्यात उतरले. पाणी मांडीशी आले. दोन्ही हातांनी फांदी या काठापासून त्या काठापर्यंत आडवी धरून ते वाकून उभे राहिले. प्रवाह त्यांना कड्याकडे ढकलत होता आणि कडा चार हातांवर होता.

"हं, झाकलं. आता ये."

"अहो, तुम्ही सोमसूत्रात उभे आहात."

"मी ओलांडलेलं नाही. मी आत आहे. आत उभ्या असलेल्याला शास्त्रात काय आहे ते शास्त्रीबुवा परत गेल्यावर बघतील. तू ये लवकर, पाणी गार आहे."

काकू एका हाताने माझा आणि दुसऱ्या हाताने शेठजींचा आधार घेत, पाण्यावर डोके काढलेल्या दगडांवरून पलीकडे गेल्या. जाताना त्यांचे लक्ष पायाखाली नव्हते. आपली सावली फांदीवर पडते आहे की पाण्यावर, एवढेच त्या पाहत होत्या.

सपाट खडकावर आम्ही सारे प्रथमच उभे राहिलो. मी डोळे मिटून स्तोत्र म्हणावे की उघडून पाहावे, या विवंचनेत होतो. डोळ्यांनी तो प्रश्न स्वतःच सोडवला. काकूंना एका दृष्टीत सारे मावत नव्हते. बापूवैद्य ओलेत्याने त्यांच्या मागे उभे राहिले, हनुवटी दोन बोटांनी धरली आणि त्यांचा चेहरा आधी वर, ओढा कडा सोडतो तिथे नेला. मग हळूहळू, धारेबरोबर, खाली उतरवीत आणला. मधे एका पायरीवर पाणी फुटत होते, तिथे थांबवला. मग तळाशी. पाणी डोहात पडत होते आणि डोहातून खडकावर सांडत होते. शेठजी आणि अण्णा दोघेही निम्मे खरे ठरले.

काकूंनी तसाच चेहरा पुन्हा वर न्यायला लावला, पुन्हा खाली. मग म्हणाल्या, "हे दूध नाही."

अण्णांनी मान पुढे काढून धारेकडे निरखून पाहिले.

"ताक आहे. पातळ."

"ऐकलंत?" बापूवैद्य अण्णांना म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही हिला पाणी घातलेलं ताक दूध म्हणून विकलंत." आणि त्यांनी अंगाला थंडी भरल्यासारखे दोन-तीनदा नाक ओढले. थंडी असावी.

त्या वर्षी बापूवैद्यांना खरोखरच पडसे झाले आणि पंधरा दिवस टिकले. काढा त्यांनी घेतला नाही.

पुढच्या भाद्रपदापर्यंत काकूंची नळी मिटली होती. पाऊसही नव्हता. माढ्याकडची बाजरी गाडीतून दिसली ती गुडघ्याएवढी आणि पिवळी. मंडळीतले पुष्कळ जण आले नाहीत. शेवटी बापूवैद्य, काकू आणि मी, एवढेच डोंगराला निघालो. काकूंच्या हातात छत्रीचे एक टोक होते, दुसरे बापूवैद्यांच्या हातात. एवढ्या वर्षांत त्या छत्रीला तिचे खरे काम सापडले, असे ते म्हणाले.

ओढ्याशी आलो तर तिथे ओढा म्हणावा असे काही उरले नव्हते. खडकांमधून एक ओल सरकत होती. मूलही एका पावलात पार झाले असते.

काकू थांबल्या. "पान घातलं का?"

मी मागे होतो. बापूवैद्यांना वाटले असावे की मी पुष्कळ मागे आहे. नुसते "घातलं" म्हटले असते तरी भागले असते. ऐकणारीला दिसत नव्हते. पण बापूवैद्य वळले. पळसापर्यंत गेले, पाने निरखून एक रुंद पान तोडले, गुडघा टेकून त्या ओलीवर पसरले. वाहून नेण्याइतके पाणी नव्हते, तरी वर एक दगड ठेवला, तो डुगडुगतो का ते बोटाने पाहिले. मग म्हणाले, "घातलं."

उठताना त्यांना मी दिसलो. "काय बघता, शास्त्रीबुवा? वारा आहे. उडतं."

मी सपाट खडकापर्यंत गेलो नाही. ओढ्यापलीकडे, खडकाच्या थोडे मागे, अंजनाच्या झाडाखाली बसलो. तिथून ते दोघे पाठमोरे दिसत होते आणि समोरचा कडाही दिसत होता. बोलणे तुटक ऐकू येत होते. पाण्याचा आवाज असा नव्हताच.

"यंदा कसं आहे?" काकूंनी विचारले.

"घट्ट आहे. मागल्या वर्षीपेक्षा घट्ट."

"आवाज येत नाही तो?"

"घट्ट ताकाचा आवाज होत नाही."

काकू हसल्या. त्यांनी आपली हनुवटी जराशी वर केली. बापूवैद्यांनी ती दोन बोटांनी धरली आणि कड्याच्या माथ्याकडे नेली, मग सावकाश खाली आणू लागले, आणि आणता आणता सांगू लागले: इथे सुटते, इथे फुटते, इथे रुंद होते. सांगण्याच्या भरात त्यांनी हनुवटी सोडली.

कड्यावर एक करंगळीएवढी धार होती. बापूवैद्यांनी दोन्ही हात खांद्यापासून पुरते पसरले होते.